कमी हवा खाणारी गन

३ फेब्रुवारी

वन्सं,

फोनवर तुमचा आवाज ऐकायची माझी तयारी नाही, आणि माझा ऐकायची तुमचीही नसणार, म्हणून लिहिते आहे. सात वर्षांनी लिहिते आहे, तेही कामापुरतं. तुमच्या भावाला या पत्राचा पत्ता नाही आणि तो लागायचं कारणही नाही.

आम्हाला रंगाची नवी गन घ्यायची आहे. मोटारी रंगवायला, घरामागच्या शेडमध्येच. दुकानदाराने तीन दाखवल्या. एक जुन्या घाटाची, खाली मोठा डबा लटकतो ती. दुसरीचा कप वर आहे. तिच्या खोक्यावर लिहिलंय की रंग हवेत कमी उडतो, वाया जात नाही. तिसरीला स्वतःचीच मोटर आहे. प्लग लावा आणि सुरू करा, कॉम्प्रेसर लागतच नाही म्हणाला. त्याचा जोर दुसरीवर आहे. नोझलचं भोक एक पॉइंट तीन हवं, चार हवं की आठ, हे त्याने उलट मलाच विचारलं. आपला कॉम्प्रेसर तोच जुना, पन्नास लिटर टाकीचा.

तीस वर्षं तुम्ही हेच काम केलंत. तेव्हा एवढंच कळवा, की तिन्हींतली कोणती आणि नोझल कितीचं. बाकी काही विचारू नका. मीही तुम्हाला काही विचारत नाही.

तुमची भावजय


११ फेब्रुवारी

तुझं पत्र मिळालं. वर 'वन्सं' लिहिताना हात जड झाला असेल.

'आम्हाला घ्यायची आहे' म्हणजे कोणाला? धाकट्याच्या हातात डोळे बांधून गन दिली तरी तो नुसत्या वजनावरून सांगेल ती कसली आहे. बावीस वर्षं मारतोय तो. त्याला गन निवडायला मी कधीपासून लागायला लागले? आणि नोझल कितीचं, असं दुकानदार तुला विचारतो, म्हणजे दुकानात तू एकटीच गेली होतीस. तू शिवतेस गाडीच्या सीटची कव्हरं. तुला गनशी काय करायचंय? त्याची स्वतःची गन कुठे गेली? तो मला का लिहीत नाही? आमचं बोलणं तुटलं ते तुझ्यामुळे तुटलं. गनबद्दल विचारायला त्याला माझी लाज कधी वाटली नसती.

कोणती घ्यायची ते मी सांगणार नाही. आधी खरं काय ते लिही.

पण एक लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण त्यापायी कुणाच्या तरी गाडीचं वाटोळं होईल. गन गाडी बघून घ्यायची नसते, कॉम्प्रेसर बघून घ्यायची असते. दुकानदाराची ती लाडकी दुसरी गन भस्म्या झाल्यासारखी हवा खाते. मोठ्या कारखान्यात ती उत्तम. तुमच्या पन्नास लिटरच्या टाकीवर ती अर्धं मिनिट नीट चालेल आणि मग थुंकायला लागेल. प्लगवाली कुंपणं आणि दारं-खिडक्या रंगवायला ठीक आहे. गाडीवर ती वापरणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही आणि पाहायची इच्छा नाही.

वन्सं


१६ फेब्रुवारी

वन्सं,

खरं हवं ना, घ्या. यांचा खांदा धरलाय. हात वर जात नाही. म्हणून गाड्या मी मारणार आहे. झालं समाधान? गन होती ती मोडली.

दुकानदाराने दुसरी गन दोन दिवस वापरून बघायला दिली. भंगारातून एक जुना बॉनेट आणला, पॉलिश पेपरने घासला, धुतला, पुसला, आणि काल हे बाहेर गेले असताना त्यावर मारून पाहिलं. तुम्ही म्हणालात तसंच झालं. सुरुवातीला सरळ चालली, मग कॉम्प्रेसर धापा टाकायला लागला आणि गन थुंकायला लागली. वाळल्यावर बघितलं तर संत्र्याच्या सालीसारखे खड्डे. तुम्ही बरोबर निघालात याचा मला किती राग आला असेल, हे तुम्हाला सांगायला नको.

आणखी एक. तुमच्या मावसबहिणीकडच्या बैठकीत तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाला होतात, की ही बसायच्या गोष्टी शिवते, उभं राहून करायचं काम हिला जमायचं नाही. सगळे हसले होते. तुमचा भाऊही हसला होता. मी विसरलेले नाही. आता उभी राहिले आहे. नोझल सांगायचं असेल तर सांगा, नाहीतर मी भंगारातले आणखी दहा बॉनेट आणीन आणि शिकेन.

भावजय


२४ फेब्रुवारी

खांदा धरला म्हणून धाकटा थांबेल हे तू दुसऱ्या कुणाला सांग. शिडीवरून पडून त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, तेव्हा त्याने एक अख्खी बस डाव्या हाताने मारली होती, आणि कुठला पत्रा कुठल्या हाताने मारलाय हे मालकाला ओळखता आलं नव्हतं.

मी तुमच्या गावच्या रंगवाल्याला फोन केला. तो जुना माणूस आहे, मला ओळखतो. म्हणाला, तुमच्या भावाने अकरा महिन्यांत रंग कडक करणाऱ्या हार्डनरचा एक डबा नेलेला नाही. अकरा महिने रंगारी हार्डनर घेत नाही म्हणजे तो रंग मारत नाही. आणि घरात बसणाऱ्यातला तो नव्हे. तेव्हा आता सरळ विचारते. तो त्या घरात आहे का? की माझ्यानंतर त्याचा नंबर लागला? मला तू चार शब्दांत बाहेर काढलंस. गिऱ्हाईक उभं होतं, त्याच्यासमोर म्हणालीस, 'वन्सं, तुमचा रंग माझ्या कापडावर बसतो, तुम्ही बाहेर जाऊन मारा.' मी गेले बाहेर. माझी गन घेऊन गेले, बाकी सगळं तिथेच सोडलं. त्याला किती शब्द लागले?

सालीसारखे खड्डे पडले ते हवा कमी पडल्यामुळे. शिवाय थिनर कमी घातलास आणि घाबरून लांबून मारलंस. लांबून मारलं की रंगाचे थेंब पत्र्यावर पोचेपर्यंत अर्धे वाळतात, मग ते एकमेकांत मिसळत नाहीत. वीतभर अंतर ठेवायचं. मनगट वळवायचं नाही, आख्खा हात सरकवायचा.

हे तुझ्यासाठी लिहीत नाही. त्या बॉनेटची दया आली म्हणून लिहिते.

वन्सं


१ मार्च

वन्सं,

तो घरातच आहे. पुढच्या खोलीत, खिडकीपाशी, दोन उशांना टेकून बसलेला असतो, कारण आडवं पडलं की श्वास लागतो. खांद्याचं मी खोटं लिहिलं.

दोन वर्षं खोकला होता. आम्ही धूळ म्हणालो, हवा बदलली म्हणालो. गेल्या मार्चमध्ये एक दार मारून शेडमधून बाहेर आले आणि पायरीवर बसले ते उठलेच नाहीत. ओठ निळे पडले होते. डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावलं, फोटो काढले, मग विचारलं की काम काय करता. यांनी सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. वरून चकाकीला मारतात त्या क्लिअरमध्ये मिसळायच्या हार्डनरने छातीची ही दशा केली आहे, म्हणाले. आता यांना तो वाससुद्धा चालायचा नाही. एकदा जोराचा झटका आला तर दवाखान्यात पोचायला वेळ मिळेलच असं नाही. घरी आल्या आल्या यांनी गन शेडच्या उंबऱ्यावर आपटली. दोन तुकडे होईपर्यंत आपटत होते, आणि प्रत्येक वेळी खोकत होते. त्या दिवसापासून शेडला कुलूप होतं, ते मी काढलं.

डॉक्टरांनी तेव्हा यांना विचारलं होतं, मास्क का लावत नव्हता. यांनी विषय औषधांवर नेला. मी घरी येऊन खोदून विचारलं. एकोणीस वर्षांचा असताना पहिल्या दिवशी हा तोंडाला फडकं बांधून तुमच्या शेजारी उभा राहिला, तेव्हा तुम्ही सगळ्या कारागिरांसमोर ते ओढून काढलंत आणि म्हणालात, 'रंग काय चावतो का तुला?' त्यानंतर त्याने कधी बांधलं नाही. तुमच्यासारखंच व्हायचं होतं त्याला.

हे तुम्हाला कळवायचं नाही, अशी शपथ त्याने मला घातली होती. ताई स्वतःला बोल लावून घेईल, म्हणाला. अकरा महिने मी ती पाळली. आज मोडते आहे, कारण तुम्ही बोल लावून घ्यावा असं मला वाटतं.

भावजय


२२ मार्च

तीन आठवडे मी कागद घेऊन बसत होते आणि उठत होते.

म्हणाले होते मी तसं. शब्द हेच होते. आमच्या उस्तादाने माझंही फडकं असंच काढलं होतं. त्याच्या हाताखालच्या बारा पुरुषांत मी एकटी बाई, आणि ज्या दिवशी मी फडक्याशिवाय मारायला लागले त्या दिवसापासून ते मला रंगारी म्हणायला लागले. धाकट्याला मी तेच दिलं जे मला मिळालं. बोल लावून घेते आहे. तुला पाहिजे होतं तेवढा आणि त्याहून जास्त.

आता तूही ऐक. शेडच्या मागच्या भिंतीला मी खिडकी पाडून घेतली होती. स्वतः उभी राहून. तिच्यात पंखा बसवला होता, आतली हवा खेचून बाहेर टाकणारा. फडकं बांधायची अक्कल मला नव्हती, पण वास कोंडू नये एवढी होती. मी गेल्यावर दोन महिन्यांनी धाकट्याने फोनवर सांगितलं, की खिडकी चिणून टाकली. कुणी चिणली? बाहेर गेलेली रंगाची धूळ फिरून शिवणाच्या खोलीत येते, पांढऱ्या कापडावर बसते, ही तक्रार कुणाची होती? सहा वर्षं तो त्या बंद खोक्यात श्वास घेत होता. माझं एक वाक्य होतं. तुझी भिंत होती.

आणि तिथेच तू आता गन चालवणार म्हणतेस, त्याच्या उशीपासून तीस पावलांवर. पहिली घेऊ नकोस, दुसरी घेऊ नकोस, तिसरी घेऊ नकोस. त्या शेडमध्ये रंग मारायला मी तुला नोझलचा आकडा काय, सुताचा तुकडा देणार नाही. कव्हरं शीव. तेवढ्यात भागत नसेल तर मला लिही, मी बसडेपोत रंगकामाला आहे, माझा पगार आहे. पण रंग नाही.

वन्सं


२७ मार्च

वन्सं,

भिंत मीच घातली. गवंडी आणला, विटा आणल्या, गिलावाही माझ्यासमोर झाला. यांनी नको म्हटलं होतं. हे मी आजवर कुणाला बोललेले नाही. तुम्हाला लिहिते, कारण तुम्हाला ठाऊकच आहे.

तुमचा पगार तुम्हालाच लखलाभ. कव्हरांचं काम उरलेलंच नाही, नव्या गाड्या कारखान्यातूनच कव्हरं घालून येतात. इकडे एक टॅक्सीवाला आहे, त्याच्या चार टॅक्स्या. तो म्हणतो, तुमच्या नवऱ्याच्या हाताची सर नसली तरी चालेल, पण काम तुमच्याच घरचं हवं. पहिल्या टॅक्सीचा बॉनेट आणि दोन दारं आणून टाकली आहेत.

दुसरी गन मी विकत घेतली. तुम्ही तिच्याबद्दल काय लिहिलंय ते मला पाठ आहे, पण दुकानात दुसरी काही नव्हती आणि तुम्ही काही सांगितलं नाहीत. थोडं मारते, थांबते, टाकी भरू देते, पुन्हा मारते. हे दुपारी पुढे झोपलेले असतात. मधली दोन्ही दारं लावून घेते, फटींना ओलं कापड लावते. तोंडाला मास्क आहे. सगळं सांभाळून करते आहे. मला अक्कल शिकवू नका.

भावजय


१४ एप्रिल

ताई,

तुझी आणि तिने नक्कल करून ठेवलेली स्वतःची पत्रं शिवणाच्या मशीनच्या खणात सापडली. मी चोरून वाचली, त्याबद्दल दोघींनीही मला काय बोलायचं ते बोलून घ्या. दवाखान्यातून परवा घरी आलो. सहा दिवस होतो. ही तुला ते कळवणार नाही, म्हणून मी लिहितो.

त्या दिवशी मी झोपलो नव्हतो. वास नाही आला मला, कापड वगैरे तिने नीट लावलं होतं. मला आवाज आला. ताई, तुला तर कळेल. गन नीट चालत असली की एकसारखा फुस्स असा आवाज असतो, रेशीम फाडल्यासारखा. ही गन खोकत होती. फुस्स, थू, फुस्स, थू. मी म्हटलं, आता दारावर ठिपके पडले असणार, आणि ही बाई तशीच पुढे मारत जाणार. मला बसवेना. उठून मागे गेलो, दार उघडलं आणि आत शिरून तिच्या हातातून गन काढून घेतली. बडबडलो, की अगं, टाकी रिकामी आहे, थांब. एवढं एक वाक्य माझं पुरं झालं. पुढचं मला आठवत नाही. तिने मला शेडमधून अंगणात ओढत नेलं. टॅक्सीवाला दार बघायला आला होता म्हणून वेळेवर पोचलो.

आता दोघींसाठी लिहितो, हे पत्र मी तिला दाखवूनच टाकणार आहे. माझं फडकं तू काढलंस खरं. पण त्यानंतर बावीस वर्षं माझे हात कुणी बांधून ठेवले नव्हते. दुकानात मास्क टांगलेले दिसायचे, मी बघून पुढे जायचो. खिडकी चिणायच्या दिवशी मी नको म्हटलं आणि मग गवंड्याला चहा नेऊन दिला. माझ्या छातीची वाटणी तुम्ही दोघींनीच करून घेतलीत, मला काही ठेवलंच नाहीत.

ही ऐकणार नाही. दवाखान्यात माझ्या उशाशी बसून ती मला विचारत होती, थिनर किती घालायचं. तेव्हा तिला शिकव. नाहीतर ती तशीच मारत राहील. आणि खरं सांगू का, तिने मारलेलं दुसरं दार मी पाहिलं. वरची कड सोडली तर वाईट नाही.

धाकटा


१८ एप्रिल

धाकट्याचं पत्र मिळालं. तुझ्याबद्दल मला जे वाटतं ते लिहायला बसले तर कागद पुरणार नाही, म्हणून कामाचं तेवढंच लिहिते. नीट वाच, मी दोनदा सांगत नाही.

पहिलं, घरात नाही. शेडमध्ये नाही, अंगणात नाही, गच्चीवर नाही. ती शेड रिकामी कर, पाण्याने धू आणि भिंत पाड. घरी बसून गाड्या रंगवायचं तुमचं दुकान बंद झालं. टॅक्सीवाल्याला विचार, त्याच्या टॅक्स्या कुठे उभ्या राहतात. तीन बाजूंनी उघडी, वर पत्रा असलेली, आजूबाजूला वस्ती नसलेली जागा हवी. काम त्याला हवंय, जागा तो देईल. त्याला सांग, गन चालू असताना आसपास कुणीही फिरकायचं नाही.

दुसरं, गनच्या आधी मास्क. तू लावतेस तो धुळीचा आहे. ज्याला मागून नळी असते, आणि लांब ठेवलेल्या पंपातून ताजी हवा आत येते, तो घ्यायचा. तो मिळेपर्यंत हार्डनरचा डबा उघडायचा नाही. काम संपलं की कपडे तिथेच काढून पिशवीत बांधायचे, केसांवरून अंघोळ करायची, मग त्याच्यासमोर जायचं. तुझ्या पदराला चिकटून गेलेला वाससुद्धा त्याला पुरे आहे.

तिसरं, गन. आहे ती परत कर. घेत नसेल तर एखाद्या कारखान्यावाल्याला देऊन टाक. वर कप असलेलीच घे, पण कमी हवा खाणारी. दिसायला सारख्याच असतात, फरक खोक्यावर असतो. मिनिटाला किती हवा लागते तो आकडा तिथे छापलेला असतो, आणि कॉम्प्रेसर किती देतो तो आकडा कॉम्प्रेसरच्या पट्टीवर. गनचा आकडा कॉम्प्रेसरच्या आकड्याच्या खाली, बऱ्यापैकी खाली पाहिजे. दुकानदाराला आकडा दाखव म्हण; दाखवला नाही तर उठून ये. नोझल एक पॉइंट तीन, रंगाला आणि क्लिअरला दोन्हींना चालेल. प्रायमर, म्हणजे पत्र्यावरचा पहिला हात, जाड असतो, त्याला ते पुरणार नाही, त्याची वेगळी स्वस्तातली गन घे, एक पॉइंट आठची. एका गनमधून सगळं मारणारे ती धूत बसतात. हवेच्या नळीवर पाणी गाळणारा फिल्टर लाव. एका वेळी एकच पत्रा मार, आख्खी गाडी एका दमात मारायचा हव्यास धरू नकोस.

चौथं. दहा मेला मला तीन दिवस सुट्टी आहे. मी तुझा हात बघायला येते, तुझं घर बघायला नाही. उतरायची सोय मी माझी करते.

वन्सं


२० मे

वन्सं,

जाताना माझ्या हातचं पाणीही न पिता गेलात. जा. मला काही फरक पडत नाही.

टॅक्सीवाला कालच गाडी घेऊन गेला, तेव्हा हिशेबाने कळवते. आपण मारलं ती वजनकाट्यामागची उघडी जागा त्याने आता कायमची दिली आहे. गन चांगली निघाली. दुकानदाराला आकडा विचारला तेव्हा त्याने आधी चष्मा शोधला, मग मालकाला हाक मारली, आणि मग आतल्या खोलीतून ही काढली. कॉम्प्रेसर आता धापा टाकत नाही. हे पन्नास पावलांवर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, फाटकाबाहेर खुर्ची टाकून बसतात आणि आवाज ऐकतात. काल हाताने खूण केली, की ठीक आहे. भिंत पाडली, धुतलेल्या शेडमध्ये शिवणाचं मशीन हलवलं. खिडकीतून इतका उजेड येतो, की दोन वर्षं मी सुई डोळ्यांजवळ का धरत होते ते आता कळलं.

तुमच्याबरोबरचे ते तीन दिवस मी आठवते आहे. तोंडावर ते नळीचे मास्क असल्यामुळे दोघींनाही बोलता येत नव्हतं, म्हणून चार-चार तास भांडण झालं नाही. माझं मनगट वळलं की तुम्ही कोपरावर चापट मारत होतात. पहिल्या दिवशी मी अकरा मोजल्या, शेवटच्या दिवशी दोन. डाव्या बाजूची दारं तुम्ही मारलीत, उजवीकडची मी. मागच्या डाव्या दारावर, मुठीच्या खाली, बोटभर ओघळ आला होता. ती बाजू तुमची. टॅक्सीवाल्याला तो दिसला नाही, मला दिसला. पुढच्या महिन्यात तो गाडी परत आणून देईल, तेव्हा त्याचं काहीतरी करावं लागेल.

पण ओघळासाठी मी हे पत्र लिहीत नाही.

तुम्ही तीनदा उलट्या बादलीवर बसलात आणि गुडघे म्हणालात. गुडघे दुखणारं माणूस बसताना कण्हतं. तुम्ही उठून उभ्या राहिल्यावर गाडीला धरून श्वास शोधत होतात. दुसऱ्या दिवशी फाटकापासून टपरीपर्यंत चालताना तुम्ही वाटेत थांबून दुकानाची पाटी वाचलीत. ती पाटी कुलूप घातलेल्या बंद दुकानाची होती. माझ्या घरात वर्षभर हाच आवाज आहे, मला तो भिंतीपलीकडून ओळखू येतो. तुमच्या भावाला कळला नाही, कारण तो पन्नास पावलांवर होता, आणि त्याला तुम्ही आल्याचाच एवढा आनंद झाला होता की त्याला दुसरं काही दिसत नव्हतं.

छातीच्या डॉक्टरकडे जा. नळीत फुंका, फोटो काढा. पंधरा दिवस थांबते. तुमचं उत्तर आलं नाही तर मी हे सगळं त्याला सांगेन, आणि मग तो त्याच अवस्थेत उठून तुमच्याकडे यायला निघेल. ते तुमच्यावर राहील. मला शपथ वगैरे घालायच्या भानगडीत पडू नका. मी ती किती पाळते ते तुम्ही पाहिलंच आहे.

भावजय


९ जून

तू धमकी देतेस म्हणून मी गेले असं समजू नकोस. जायचंच होतं. गेली दोन वर्षं जायचं होतं.

डॉक्टरीणबाई वयाने लहान आहेत, पण बोलणं खडं. नळीत तीनदा फुंकायला लावलं आणि तिन्ही वेळा कागदाकडे बघून पुन्हा फुंका म्हणाल्या. धाकट्याइतकं झालेलं नाही. पण वाटेवर तीच आहे. आता गन हातात धरलीत तर मी तुमची डॉक्टर नाही, म्हणाल्या. मी म्हटलं, बरं. बाहेर बाकावर अर्धा तास बसले आणि माझे हात बघितले. तीस वर्षांत ते कधी रिकामे बघितले नव्हते.

डेपोत सांगितलं. फोरमनने भांडारात बसायला दिलं आहे, सुटे भाग काढून द्यायचे. तिथल्या चार रंगाऱ्यांना पहिल्याच दिवशी मी नळीचे मास्क काढून दिले आणि सही करून घेतली. एक जण हसला. त्याला मी बाजूला नेऊन माझा श्वास ऐकवला. आता लावतो.

तुझे उपकार मी मानत नाही. तू माझ्या पाळतीवर होतीस, हे मला आवडलेलं नाही. 'बाहेर जाऊन मारा' हे मी विसरणार नाही आणि 'बसायच्या गोष्टी' हे तू विसरू नकोस. दोघींनाही ते पुरेल.

रविवारी येते. धाकट्याला मीच सांगेन. तू मधे बोलायचं नाही, आणि डोळे पुसत दारात उभं राहायचं नाही. चहा ठेव.

मागच्या दाराचा ओघळ माझा आहे. श्वास घ्यायला हात मधेच थांबला होता, मला तेव्हाच कळलं होतं. टॅक्सी परत आली की त्याच्यावर ओल्या पेपरने बारीक घासून घे, कडेपर्यंत, खालचा रंग उघडा पडू देऊ नकोस. धूळ पूस. वीतभर अंतर ठेव. शेवटचा हात तू दे.

वन्सं